भोकाभोकांचं भांडं

गोदाकाठच्या एका उत्खननावर मी विद्यार्थिनी म्हणून गेले होते. एके सकाळी मातीतून एक भांडं अख्खं निघालं. त्याच्या बुडाला बारीक भोकं होती. आमच्या सरांनी ते हलकेच फिरवून पाहिलं आणि मला म्हणाले, "लिही, पूजेचं भांडं."

शेजारी खापरं धुणाऱ्या शेवंताबाई गालात हसल्या. "पूजेचं कशाला, सायेब? वड्या उकडायचं हाय ते. बूड बघा, कुठं काळं झालंय? दुसऱ्या भांड्यावर ठिवून वाफ द्यायची."

"कशावरून?" सरांनी विचारलं.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी पातेलं चढवलं, वर चाळण ठेवली आणि कोथिंबिरीच्या वड्या उकडल्या. सरांनी चार खाल्ल्या आणि वहीतला 'पूजेचं' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

मी इतके दिवस तिथे नुसते मातीचे थर मोजत होते. त्या दुपारी पहिल्यांदाच वाटलं, हजारो वर्षांपूर्वी इथेही कुणीतरी हळूच झाकण उचललं असेल, आणि चुलीपाशी बसलेली बाई ओरडली असेल, "थांब की जरा, कच्च्या आहेत अजून!"