हक्क सोडल्याचा कागद

आमच्या नांदेडच्या गल्लीतला शिंपी माप घ्यायच्या आधी गाव विचारतो. गिऱ्हाईक भोकरकडचं निघालं की टेप गळ्यातच राहते. "तुमच्याकडं कुणी तेलुगू घरात लेकरू दिल्यालं हाय का हो?" त्याचे लोक तेलंगणातून आलेले, आजोबा मात्र भोकरकडच्या मराठी घरातून दत्तक घेतलेले. एवढंच त्याला माहीत; आजोबांची खरी आई कोण, ते नाही.

गावोगाव त्याला चहा मिळतो. आजोबांचा विषय काढला की माणसं पावसापाण्याचं बोलायला लागतात. हा जमिनीत हिस्सा मागायला आलाय, असंच प्रत्येकाला वाटतं. वावराच्या भीतीनं दुसऱ्याची पणजी दडवून बसतात लेकाचे! शेवटी त्यानं स्वतःच बाँड पेपरवर लिहून ठेवलं, की आमचा कुणाच्याही जमिनीवर हक्क नाही.

कुणीतरी एक घर सांगितलं म्हणून माझ्या गाडीवर आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं गेलो.

"काका, वावर नको. आज्याच्या मायचं नाव तेवढं सांगा," शिंपी म्हणाला.

"आमच्या घरानं लेकरू कुणाला दिलंच न्हाई."

शिंप्यानं बाँड पुढं केला. म्हाताऱ्यानं तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. वर म्हणतो, "चहा घ्या."

माझं डोकंच फिरलं. लेकरू दिलंच नव्हतं, तर कागद कशाला ठेवून घेतला? मी तो परत मागायला उठलो. एरवी अर्ध्या इंचावरून गिऱ्हाइकाशी भांडणाऱ्या त्या माणसानं माझा हात घट्ट धरला.

"ऱ्हाऊ द्या, सर. घर हेच हाय."