दुसऱ्याचे एडके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. विद्युतघट शिकवताना मी वर्गापुढं जे दोन एडके उभे करतो, ते माझे नाहीत.

लढाईचे दिवस होते. सांगलीच्या कॉलेजात प्रयोगाला माझा जोडीदार होता आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी साताऱ्याचा. तांबं आणि जस्त यांचा घट मांडायचा. त्याचा जोर एक व्होल्टाहून थोडा जास्त. मग बाहेरच्या बॅटरीचा दाब त्याच्या उलट बाजूनं लावायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा. दाब कमी होता तोवर घटाचाच प्रवाह वाहत राहिला, फक्त मंदावत गेला. एका जागी सुई शून्यावर येऊन थांबली.

"घट मेला वाटतं," मी म्हणालो.

"मरतोय कशाला? जत्रंत एडक्यांची टक्कर बघितली न्हाईस व्हय रं? दोघं सारख्या जोराचं असलं की डोक्याला डोकं लावून हुबं. हलत न्हाईत, पर ढकलत्यात दोघंबी."

त्यानं दाब आणखी वाढवला. सुई शून्य ओलांडून पलीकडं गेली. प्रवाह उलटा फिरला होता. आता तांबं झिजणार आणि जस्तावर जस्त चढणार.

"बघ गड्या, बारका मागं सरला."

त्या वर्षी वसतिगृहात फुकट राहायची एकच जागा होती. प्रयोगाच्या परीक्षेत आमच्यातला जो वर येईल, त्याला ती मिळायची. न मिळाली तर मला ओढाताण झाली असती. त्याला कॉलेजच सोडावं लागणार होतं. हे मला ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला आधी मला बोलावलं. सुई शून्यावर का थांबते, असा प्रश्न आला. मी एडके सांगितले. परीक्षक खूश झाले. मग तो आत गेला आणि त्यानंही एडकेच सांगितले. दुसरं काय सांगणार, त्याचेच होते ते.

"जोडीदाराचं पाठ करून आलात वाटतं," परीक्षक म्हणाले.

मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. दार उघडं होतं. आत गेलो नाही.

जागा मला मिळाली. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे त्यानं मनापासून खाल्ले आणि तो फौजेत भरती झाला, वायरलेसच्या कामावर. परतल्यावर लोणंदला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चालतं. सुट्टी लागली की मी तिथं जाऊन बसतो, आणि त्या दुपारी मला फार आवडतात. एखादं गिऱ्हाईक विचारतं, बॅटरी भरते कशी?

"तिच्याम्होरं मोठा एडका लावायचा. बारका मागं सरतो, तवाच भरतो," तो सांगतो आणि माझ्याकडं वळतो. "काय मास्तर, बराबर हाय का? का इसरलास शिकवून शिकवून?"

"लय बराबर," मी म्हणतो. चहा येतो, आम्ही हसतो.

ते एडके मी परीक्षकांपुढं माझे म्हणून उभे केले, आणि त्याला बोल लागला तेव्हा गप्प राहिलो, एवढं त्याला तोंडानं सांगायचं माझ्याकडं अजून देणं आहे.