मोहाच्या वळणावर कोणी चढत नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या रस्त्यावर हल्ली बिनड्रायव्हरची टॅक्सी धावते आणि ती मोहाच्या वळणावर थांबत नाही. पाड्यावरचे लोक म्हणतात, मशीनला काय कळतंय. पण तिथे कोणी चढत नाही, असं मशीनला मीच शिकवलं.

त्याआधी बरीच वर्षं मी शहापूर-मुरबाड काळी-पिवळी जीप चालवली. मोहाच्या वळणाखाली, नाल्याच्या अंगाला एक पाडा आहे. वरून पाडा दिसत नाही, खालून रस्ता दिसत नाही. म्हणून आम्ही सगळे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करायचो, दोन छोटे हॉर्न द्यायचो आणि कान लावायचो. खालून "व्हय रे!" अशी हाक आली, की माणूस चढण चढून येईपर्यंत थांबायचं. हाक नाही आली, की निघायचं. मागे बसलेलं कोणी कुरकुर करत नसे. उलट एखादा नवा ड्रायव्हर तसाच पुढे गेला तर पाठीमागून ओरडा यायचा, "अरे हॉर्न दे ना! सासरी चाललास काय येवढ्या घाईनं?"

त्या पाड्यावर माझी वहिनी राहते. थोरला भाऊ गेला, आता ती एकटीच असते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो आणि आई नव्हती. तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत मी तिच्याच हातची भाकरी खाल्ली. ती बाजारातून सुकट, म्हणजे वाळवलेली मासळी, आणून आजूबाजूच्या पाड्यांवर विकते. माझ्या जीपमध्ये पुढची, माझ्या शेजारची जागा तिची. मांडीवर टोपली, आणि रस्ताभर कोणाच्या घरी काय चाललंय याच्या बातम्या.

मग आटगावच्या बाजूला भाताची शेतं विकली गेली, तिथे टॉवर उभे राहिले आणि जीपमध्ये तिथली माणसं बसू लागली. एकदा एका बाईंनी नाकाला ओढणी लावली. "काका, ती टोपली वर टपावर टाका ना प्लीज." मी वहिनीकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "टाक रे टपावर. सुकट काय रडत नाय." मी टोपली टपावर टाकली. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, वहिनी, आजपासून मागे बसत जा. ती मागे बसली. का, ते तिने विचारलं नाही.

पुढे त्या वसाहतीसाठी एका कंपनीने या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीची चाचणी सुरू केली. स्टेशनवरून निघायचं, वसाहत करून मुरबाडच्या रस्त्याला लागायचं. आधी माहितगार माणसाने गाडी हाताने चालवायची, टपावरचे कॅमेरे बघत राहणार आणि गाडी रस्ता शिकणार. माहितगार म्हणून मला घेतलं. शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन एक मॅडम बसायच्या. माणसं कुठे उभी राहतात ते मी सांगायचं, त्या खूण करायच्या.

"इथे काय, काका?"

"इथं शाळेच्या पोरी असतात."

"आणि इथे?"

"गिरणी हाय. दळण घेऊन बायका उभ्या राहतात."

"अहो काका, असं दर पावलाला थांबलो तर ही टॅक्सी कसली? बैलगाडी होईल हिची." त्या हसल्या. मीही हसलो.

त्यानंतर मोहाचं वळण आलं. माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. मी तो मागे घेतला.

"गाडी स्लो का केलीत?"

"वळण हाय म्हणून."

"इथे कोणी चढतं?"

"नाय. इथं कोणी चढत नाय."

त्यांनी एक बटण दाबलं आणि आम्ही पुढे गेलो.

नोकरी जाईल या भीतीने मी ते बोललो, असं बरेच दिवस मनाशी म्हणत राहिलो. ते खरं नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी गाडी होती, आतला गार वारा, स्वच्छ सीटा, आणि त्यात टोपली घेऊन चढणारी वहिनी, सगळ्यांसमोर मला "भावजी" म्हणून हाक मारणारी. मला तिची लाज वाटली. एवढंच कारण होतं.

हळूहळू जीपचा धंदा बसला. मी जीप विकली. आता मी त्याच टॅक्सीत देखरेखीसाठी ड्रायव्हरच्या जागेवर बसतो. स्टिअरिंग आपलं आपण फिरतं, माझे हात मांडीवर. अपघात होईल असं वाटलं तरच ब्रेक मारायचा, उगाच हॉर्न वाजवायचा नाही, असा नियम आहे. काचा बंद असतात. मागची माणसं फोनशी बोलतात. उतरताना एखादे आजोबा थँक्यू म्हणतात, तेही गाडीच्या छताकडे बघून. दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, असं कितीदा तरी होतं. संध्याकाळी बायकोशी बोलायला गेलं की आवाज घोगरा येतो.

एकदा वहिनी वळणावर उभी दिसली. हॉर्न वाजत नाही म्हणून ती आधीच वर येऊन थांबली होती. डोक्यावर टोपली, एक हात वर. गाडीलाही ती दिसली. समोरच्या पडद्यावर माणसाची आकृती उमटली, गाडी तिच्यापासून अदबीने जरा बाजूला सरली आणि पुढे निघाली. ब्रेक माझ्या पायाखाली होता. मी पडद्याकडे बघत राहिलो. काचेतून वहिनीने मला ओळखलं, तेव्हा तिचा थांबवायला वर केलेला हात हलायला लागला. गावाला निघालेल्या माणसाला निरोप देताना हलवतात, तसा. ती हसत होती.

त्या रविवारी मी पाड्यावर गेलो. तिने चहा टाकला.

"तुझी गाडी लय झ्याक दिसते रे. आत सायबासारखा बसला व्हतास."

"वहिनी, मी थांबवायला पाहिजे होती."

"तू काय थांबवणार? ती काय तुझं ऐकते? उगाच मनाला लावून नको घेऊ." मग गुडघा चोळत म्हणाली, "मी जाते आता गिरणीपर्यंत चालत. तिथं थांबते ना ती."

गिरणीपर्यंतची वाट सगळी चढाची आहे. गुडघा सुजलेला मला दिसत होता. खरं काय ते ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, चहा छान झालाय. निघताना तिने कागदात सुकट बांधून दिली, आणि ती पुडी मला टॅक्सीतून न्यायची नव्हती म्हणून मी गिरणीच्या पुढपर्यंत चालत गेलो, मग रिक्षा केली.

मॅडम अजून अधूनमधून येतात. "काका, रूटमध्ये काही राहिलंय का?" असं विचारतात. तिथे थांबा वाढवणं त्यांना अवघड नाही. मी म्हणतो, सगळं बरोबर आहे. राहिलंय म्हटलं, तर तेव्हा का नाही सांगितलं, हे त्या विचारणार.

मॅडमना ते वळण सांगायचं आणि वहिनीला खरं सांगायचं, ही दोन देणी माझ्यावर आहेत. त्यातलं एकही मी अजून फेडलेलं नाही.