बदलापूर बंदराचे सात नारळ

बदलापूर गावात समुद्र नाही. दौलतरावांना हे अजून पटलेलं नाही. तेहतीस वर्षं बोटीवर काढून ते सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचे मुकादम म्हणून, निवृत्त झाले. रोज सकाळी सहाला ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहतात आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहितात. वारा अंबरनाथच्या बाजूने आला तर त्याला कारखान्यांचा वास असतो. तेही लिहितात.

मी त्यांचा शेजारी. ऑर्डनन्स फॅक्टरीत छत्तीस वर्षं मशीनवर उभा होतो. माझ्या घरात वस्तू जिथे पडते तिथे राहते. दौलतरावांच्या घरात प्रत्येक वस्तू बांधलेली असते. सिलिंडर खिडकीच्या गजाला, फ्रीज भिंतीतल्या हुकाला, छत्री खुंटीला दुहेरी गाठीने. शिवाय प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून त्यांनी अक्षरं कापून घेतली आहेत, त्यावरून ब्रश फिरवला की झालं. पोळपाटाच्या मागे 'स्वयंपाकघर' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. बनूबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात, "नशीब, माझ्यावर काय लिवलं नाय."

त्यांचा एकुलता एक मुलगा सुजित. त्याने बोटीवर जायचं नाही, असं दौलतरावांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. त्याला आयटीआयला घातला, माझ्या ओळखीने कुठेतरी चिकटवायचंही ठरलं. सुजितने गुपचूप खलाशाच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला. त्यावरून बापलेकात जे वाजलं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. याला सात वर्षं झाली. तेव्हापासून सुजितचा फोन आला की दौलतराव तो बनूबाईंच्या हातात देतात आणि दाराआड उभे राहून ऐकतात. दारही त्यांनी हुकाला अडकवलेलं असतं, त्यामुळे ते सगळ्यांना दिसतात.

बोलणं व्हायचं ते नारळी पौर्णिमेला. तेही नारळाबद्दल.

दौलतराव बोटीवर होते तेव्हा बनूबाई दर नारळी पौर्णिमेला उल्हास नदीत नारळ सोडायच्या. सुजित गेल्यावर ते काम दौलतरावांनी ताब्यात घेतलं आणि पद्धतशीर केलं. सालासकट असोला नारळ घ्यायचा, कारण तो नीट तरंगतो आणि रंग धरतो. त्यावर सुजितच्या त्या वर्षीच्या बोटीचं नाव घालायचं. मग माझ्या स्कूटरवरून घाटावर जायचं. तिथे ते आधी पिंपळाचं पान पाण्यात टाकतात आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर ते किती वेळात कापतं हे मोजतात. पूर्वीच्या शिडाच्या जहाजांवर लाकडाचा तुकडा टाकून असाच वेग काढायचे म्हणे. वेग वहीत लिहून मगच नारळ सोडायचा आणि मुलाला मेसेज करायचा, "सुटला. ०७:१०."

सुजित जगात कुठेही असो, संध्याकाळपर्यंत विचारणार, "नारळ कुठे पोचला?" दौलतराव गणित करून कळवणार, "कल्याण पास." तिसऱ्या-चौथ्या दिवशी, "वसईबाहेर." म्हणजे समुद्राला लागला. मग बापलेक पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत गप्प.

मी एकदा म्हटलं, "दौलतराव, या नदीतून नारळ समुद्रापर्यंत जातो कशावरून?"

"कल्याणच्या खाडीत महाराजांनी गलबतं बांधली," ते म्हणाले. "ती काय रिक्षाने नेली?"

यंदा सुजित तेलाच्या बोटीवर होता, एम. टी. कलिंदा. बोट तांबड्या समुद्रातून जाणार होती. तिकडे बोटींवर हल्ले होतात हे दौलतराव रोज पेपरात वाचत होते आणि बनूबाईंना पेपराची फक्त मागची पानं देत होते. नारळावर नाव घालताना त्यांनी एकच अक्षर तीनदा पुसून पुन्हा काढलं. मला ते बघवेना म्हणून मी चेष्टा केली. मला हीच सवय आहे. म्हटलं, "बुडणाऱ्याला टाकायच्या बोटीवरच्या रबरी रिंगवर नावाखाली बंदराचं नाव पण असतं ना? ते विसरलात."

ते खरोखरच ओशाळले. सारंगाकडून अशी चूक सात वर्षं व्हावी हे त्यांना लागलं. ब्रश पुन्हा बुडवून त्यांनी बोटीच्या नावाखाली लिहिलं, 'बदलापूर गाव'.

नारळ सुटला. मेसेज गेला. संध्याकाळी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दौलतरावांनी न विचारताच कळवलं, "कल्याण पास." चौथ्या दिवशी, "वसईबाहेर." दोन्ही मेसेजवर एकच बारीक खूण, म्हणजे पोचलेच नाहीत. कंपनीच्या ऑफिसात फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, सगळं ठीक आहे, काळजी करू नका.

"माझी बोट खडकावर चढली होती तेव्हा बनूलाही हेच सांगितलं होतं," दौलतराव म्हणाले आणि गच्चीवर गेले.

सहाव्या दिवशी दुपारी एक माणूस इमारतीखाली विचारत आला, गावात बोटवाले कोण राहतात. नाव बबन. नदीच्या पुढच्या वळणावर त्याची भातशेती. खांद्यावर गोणी. आमच्या जिन्यात त्याने ती उघडली आणि वरचा नारळ काढून दौलतरावांच्या हातात दिला.

"यो तुमचाच ना? गावाचं नाव लिवलंय म्हनून आनला. नायतर कुनाला देनार?"

एम. टी. कलिंदा. बदलापूर गाव.

दौलतराव जिन्यातच बसले. बबनला वाटलं, ऊन लागलं. मला कळलं काय झालं ते, कारण ती गोष्ट मी चाळीस वेळा ऐकली होती. ऐन तारुण्यात, बंगालच्या उपसागरात, त्यांच्या बोटीला पाण्यात तशीच एक रिंग सापडली होती. रिकामी. वर बोटीचं आणि बंदराचं नाव. कप्तानाने त्या बंदराला वायरलेस केला. उत्तर आलं, बोट चार दिवसांपूर्वी बुडाली, माणूस एकही नाही. तेव्हापासून दौलतरावांच्या लेखी नाव घातलेली वस्तू एकटी परत येते ती एकाच कारणाने. आणि या नारळावर बंदराचं नाव मी घालायला लावलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

बबन गोणी रिकामी करत होता. आतून आणखी सहा नारळ निघाले. सुकलेले, पण नावं शाबूत. सहा वर्षं, सहा बोटी. एकही वळणापुढे गेला नव्हता.

"दरसाल आमच्याच बांधाला लागतंत," बबन म्हणाला. "बापाच्या वक्ताला पन यायचे. तवा नाव नसायचं, म्हनून खायचो. यांच्यावर नाव हाय, मग खावा कसा?"

आपण लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं सोडलेले नारळ कुठे गेले, हे दारात येऊन उभ्या राहिलेल्या बनूबाईंना असं कळलं. त्यांनी बबनला चहा ठेवला. मग पदर खोचून जिन्यात बसल्या आणि सहा नारळ पायरीवर ओळीने मांडले. पहिला उचलला.

"या बोटीवरून पोरगा आला?"

"आला," दौलतराव म्हणाले.

"या?"

"आला."

सहाही झाले. मग त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी सोडलेले तर यांनी खाल्ले. तुम्ही आलात ना? मी दर्याकडे काय मागत होते? माणूस घरी येऊ दे. नारळ घरी येतोय तर रडता कशाला?"

दौलतराव रडतच होते. मला वाटतं त्यांना तिचं पटलं नव्हतं, पण सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दारासमोर बसून रडून घेतलं. बबन चहा पिऊन गेला. सातवा नारळ दौलतरावांनी देव्हाऱ्यात ठेवला आणि देव्हाऱ्याला बांधला.

आठव्या दिवशी सकाळी मी दौलतरावांबरोबर गच्चीवर होतो तेव्हा त्यांचा फोन वाजला. सुजितचा मेसेज होता. बोटीवरचं नेट आठ दिवस बंद होतं, बाकी ठीक. बापाचे मेसेज अजून उघडले नसावेत, कारण खाली नेहमीचंच, "नारळ कुठे पोचला?"

वसईबाहेर, हा शब्द दौलतराव आधीच पाठवून बसले होते. मग त्यांनी एका बोटाने हळूहळू लिहिलं, "घरी पोचला. तू कधी?"

फोन माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, यात काही चूक नाही ना. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हटलं, नाही.