नलूताई आठला निघाल्या

दादरच्या त्या साडीच्या दुकानात पैठणीच्या काउंटरमागे नलूताई परब उभ्या असतात. राहायला परळच्या चाळीत, मूळ मालवणकडच्या. मुलीचा रंग बघून साडी काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आईच्या लग्नाची साडी त्यांनी काढून दिली, म्हणून लेकही त्यांनाच शोधत येते.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर मालकांच्या मुलानं, विनीतनं, दुकानातल्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. सोमवारपासून आठऐवजी दहापर्यंत थांबायचं, सबबी चालणार नाहीत. जादा पगाराचा त्यात शब्दही नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत कुणाला घास गोड लागेना. शीव कोळीवाड्याहून येणारी अक्षता तर रडकुंडीला आली. तिची लेक पाळणाघरात, आणि तिथल्या बाई नऊनंतर मूल ठेवत नाहीत.

"सोडते मी नोकरी," ती म्हणाली.

"सोडायची कशाला? आधी विचारून तर येऊ," नलूताई म्हणाल्या.

विचारलं ते चाळीतल्या तात्यांना. तात्यांचा सगळा जन्म युनियनमध्ये गेलेला.

"घाबरू नको गो," ते म्हणाले. "ठरलेल्या वेळेपुढं थांबवायचं तर तुमची राजीखुशी लागते, आणि वर दुप्पट पगार. नाही म्हटलंत म्हणून काढतो म्हणाला, तर कामगार कचेरीत मी येतो बरोबर. पण शेठकडे एकटी जाऊ नको. सगळ्या जा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या मालकांसमोर, चिंतामणशेठांसमोर उभ्या राहिल्या. शेठ हसून म्हणाले, "नलूताई, आपण घरचीच माणसं. घरात कार्य असलं की कुणी घड्याळ बघतं का?"

"घरचे आहोत ना शेठ, म्हणून तर वाटलं, आधी विचाराल."

मग शेठांनी नलूताईंना एकटीला केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं वय झालं. तुम्ही आठला जात जा. पोरींचं मी बघतो."

नलूताई क्षणभर डळमळल्या. संध्याकाळपर्यंत पाय सुजून यायचे त्यांचे. हो म्हटलं असतं तर वादही मिटला असता. काचेपलीकडे अक्षता गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होती, अगदी त्यांनी शिकवला होता तसा.

"मला एकटीला नको," त्या म्हणाल्या. "जायचं तर सगळ्या जाऊ. जिला थांबायचं ती थांबेल, पण स्वतःच्या मर्जीनं, आणि दुप्पट पगारावर."

विनीतचा मेसेज काही मागे घेतला गेला नाही. सोमवारी आठ वाजले तेव्हा नलूताईंसमोर एक नवरी बसली होती. तिची खरेदी त्यांनी नीट पुरी केली, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि पर्स उचलली. त्यांच्यामागोमाग बाकीच्या निघाल्या. विनीत दारातच उभा होता. उद्यापासून येऊ नका म्हणाला तर, असं नलूताईंच्या मनात आलं.

"उद्या येते वेळेवर," त्याच म्हणाल्या. तो बाजूला झाला.

पुढचे काही दिवस अवघड गेले. शेठ बोलेनात, विनीत बघेना. आठनंतर तो स्वतः साड्या दाखवायला बसे. "नलूताई नाहीत? मग उद्याच येते," म्हणत गिऱ्हाईक उठून जाई.

शेवटी शेठांनीच सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळसाठी नव्या मुली घेऊ. जुन्यांपैकी कुणाला थांबायचं असेल तर सांगा, दुप्पट पगार देऊ. त्यांच्यातली रखमा पुढे झाली. तिला मुलाच्या कॉलेजसाठी पैसे हवे होते. तिनं चोरट्यासारखं नलूताईंकडे पाहिलं.

"थांब बिनधास्त," नलूताई म्हणाल्या. "मर्जी तुझी आहे. भांडलो ते त्याच्यासाठीच."

हल्ली तात्या चाळीच्या गॅलरीत येईल त्याला ही हकीकत सांगतात, दर वेळी थोडा मीठमसाला लावून. "पुरे हो तात्या," नलूताई म्हणतात. पण आत जात नाहीत. कठड्याला टेकून, शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहतात.