सासुरवाडीचा बंब

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. गोष्ट पुढं अशा ठिकाणी येते की मला दोन्ही हात वर करून दाखवावे लागतात. कप सांडला तर तुम्ही त्यालाच हसत बसाल, आणि हसण्यासारखा खरा गाढवपणा तर नंतर आहे!

निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला नवा वकील. कोर्टाचं कामकाज सगळं उर्दूत, आणि माझं उर्दू असं की ऐकताना मुन्सफसाहेब मान डोलवायचे. निदान मला तसं वाटायचं. दारात वडिलांच्या मागं राहिलेली एक जुनी मोटार उभी होती. म्हणजे नुसती उभीच! उन्हाळ्यातल्या म्हशीनं हौदाला तोंड लावावं तशी ती पेट्रोल प्यायची, आणि त्या वर्षी बाहेरून पेट्रोल येणंच बंद झालेलं. बाटलीभर मिळालं तर लोक अत्तरासारखं कपाटात ठेवायचे.

त्यात आमच्या मंडळींना सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जायचं, आणि माहेर लातूरला. प्रवाशांची सर्व्हिस मोटार सुटली तर सुटली. वाटेत काय चाललंय ते कुणी धड सांगत नव्हतं, आणि जे सांगायचे ते ऐकून झोप उडायची. दिवस कलला की गावं दारं लावून घ्यायची. वर पाऊस तोंडावर आलेला. ओढे भरले की सगळंच बंद. घरात दुसरं बाईमाणूस नाही. रात्री ती विचारायची, "अहो, जमंल ना जायाला?" मी म्हणायचो, "जमेल की!" आणि तोंड भिंतीकडे करून जागा राहायचो.

आता शिकलेला माणूस अशा वेळी काय करतो? काहीतरी वाचलेलं आठवतो! कोळसा अर्धवट जाळला तर त्याचा वायू निघतो आणि त्यावर मोटार चालते, असं मी एका मासिकात वाचलं होतं. गफूर मिस्त्रीला बोलावलं.

तो म्हणाला, "होतं वकीलसाब. पण टाकी पायजे. वर झाकण, खाली जाळी, मधी कोळसा."

"मग बनव!"

"पत्रा कुठाय बाजारात?"

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि माझी नजर न्हाणीघरात गेली. तिथं आमचा बंब उभा होता. तांब्याचा, पोटात पाणी, मधल्या नळीत कोळसा, खाली जाळी, समोर पितळी तोटी. लग्नात सासऱ्यांनी दिलेला.

"अहो, हे काय करायलात?" मंडळी दारात आली.

"मोटारीला लावतोय."

"आन मी न्हाऊ कशात?"

"माहेरी. तुझ्या वडिलांकडे अजून दोन आहेत ना?"

तिनं कपाळाला हात लावला. पण जाणं तिलाही हवंच होतं, म्हणून बंबातली राख तिनंच झाडून दिली.

मिस्त्रीनं बंब मोटारीच्या मागं साखळदंडानं आवळला. मधल्या नळीवर घट्ट झाकण बसवलं. तिथून एक पाईप काथ्या भरलेल्या रॉकेलच्या डब्यात, आणि डब्यातून इंजिनात. तांबं तापून वितळू नये म्हणून पोटात पाणी तसंच ठेवलं. पेटवलं. बंब धुसफुसला, मोटार खोकली, आणि काय सांगू, चालली हो! चढ आला की बैलगाड्या आमच्या पुढं जायच्या आणि गाडीवान मागं वळून खुशाली विचारायचे, पण चालली!

अहमदपूर जवळ आलं. रस्त्यावर आडवा वासा. नाका. झाडाखाली बंदूकवाले जवान. त्या दिवसांत नाक्यावर धरलेला माणूस कधी परत येईल, येईल की नाही, हे त्याच्या घरच्यांनाही विचारायची सोय नव्हती. मंडळीनं माझ्या कोटाची बाही धरली. तिचे हात गार पडले होते.

"रोको! पीछे क्या बांध के लाए?"

आता इतकं उर्दू येतं ना मला? मुन्सफसाहेब डोलतात ना? पण बंदुकीचं तोंड समोर आलं, आणि बंबाला उर्दूत काय म्हणतात ते साफ उडालं!

"कुछ नहीं हुजूर," मी म्हणालो. "नांदेड का वकील हूँ. घर का बंब है."

जवान एक पाऊल मागं सरला. "बम?"

"जी, बंब."

त्यानं "अमीनसाब!" अशी हाक मारली. तंबूतून अमीनसाहेब, म्हणजे नाक्यावरचे फौजदार, पट्टा आवळत आले. वयानं माझ्या वडिलांएवढे, तोंडात पान. नाक्यांवर हल्ले होत होते, तेही काही सुखानं झोपत नव्हते.

"घर में बनाया?"

"नहीं हुजूर, ससुराल से मिला. शादी में."

अमीनसाहेबांचं पान चघळायचं थांबलं.

"शादी में बम दिए?"

"हमारे में सब देते हैं."

"एकच है?"

"ये एक. ससुरजी के पास और दो हैं. इससे बड़े."

"कहाँ?"

"लातूर में. उनके घर में. मेहमान ज्यादा आए तो दोनों लगाते हैं."

जवानांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, चला, खानदानी माणूस आहे हे पटलेलं दिसतंय! धीर आला. म्हणून मी आपणहून पुढची माहिती दिली. वकील ना मी? न विचारलेलं सांगू नये, हे अशिलांना बजावणारा!

"हुजूर जरा जल्दी छोड़िए. नांदेड से सुलगा के लाया हूँ. देर हुई तो बिगड़ेगा."

"सुलगा हुआ है?" अमीनसाहेबांचा आवाज चिरकला. "अभी?"

"जी हाँ, अंदर से लाल है."

खट्, खट्, खट्! सगळ्या बंदुका माझ्यावर. "हाथ ऊपर! गाड़ी से हटो!" मी उतरलो, हात वर केले. एका जवानाचं बोट घोड्यावर थरथरत होतं, ते मला आजही दिसतं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, की अरे, हे बम ऐकतायत! पण सांगायला तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! मंडळी अजून मोटारीतच. अवघडलेली बाई, चटकन उतरणार कशी?

आणि तेवढ्यात बंबानं मनावर घेतलं. मोटार थांबलेली, कोंडलेल्या वायूला जायला जागा नाही. झाकण थडथडायला लागलं. थड, थड, थडथडथड! मग शीऽऽ करून एक लांब शिट्टी, आणि फाट्‌कन झाकण उडून बाभळीत!

सगळे जण रस्त्याकडेच्या चरात आडवे!

चिखलात नाक खुपसून आम्ही कल्मा, रामरक्षा, ज्याला जे येईल ते पुटपुटत होतो. आता फुटेल, मग फुटेल. फुटेना. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला. मी डोकं वर काढलं.

मंडळी कमरेवर हात ठेवून सावकाश उतरली होती. मोटारीच्या मागं जाऊन तिनं बंबाची तोटी सोडली आणि प्रवासातला तांब्या खाली धरला. कढत पाणी. त्यात सुरईतलं गार मिसळलं, तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि चराकडे बघून म्हणाली, "न्हायाचं पाणी हाय अमीनसाब. या, दाढीला चिखूल लई लागलाय. हात-तोंड धुवून घ्या."

अमीनसाहेब उठले. दाढीतून चिखल गळत होता. बंबाजवळ गेले, बोटानं हलकेच शिवून पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की पान बाहेर पडलं.

"अरे ये तो हम्माम है! वकीलसाब, हम्माम बोलो ना! इत्ती उर्दू भी नईं आती?"

मग सगळ्या नाक्यानं आमच्या बंबावर हात-तोंड धुतलं. जवानांनी बाभळीतून झाकण काढून दिलं. "बेटी, सँभाल के जाना," असं म्हणत अमीनसाहेबांनी वासा स्वतः उचलला. लातूरला सूर्य बुडता बुडता पोचलो. पोरगी पुढं व्यवस्थित झाली, आणि बंब परत न्हाणीघरात गेला.

ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली असेल! "सगळे जण चरात आडवे" इथं आलो, की आतून, स्वयंपाकघरातून, हमखास आवाज यायचा, "सगळे म्हंजी कोन कोन, त्ये पण सांगा की!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो, आणि पाहुणे हसायचे.

गेल्या पौषापासून आतून आवाज येत नाही. म्हणून ते आता मलाच सांगावं लागतं. चरात पहिली उडी माझीच होती.

अमीनसाहेब चरात पडले, तेव्हा त्यांना चिखल फक्त दाढीला लागला. बाकीचे अमीनसाहेब माझ्या पाठीवर होते.