लुगड्याच्या पन्ह्याएवढा पलंग
अंगणात सुतार प्लायवुड कापतो आहे आणि त्या वासानं मला आमचा टेम्पो आठवला. दोघांनीच हिंडावं म्हणून यांनी त्यात घर बनवायला घेतलं आणि आखणी माझ्यावर सोपवली. विणकराची लेक असल्याचा केवढा माज मला. टेप बाजूला सारून मी पलंगाची रुंदी लुगड्याच्या पन्ह्यानं मापली, वाचलेली जागा ओट्याला दिली. साकोलीजवळ तलावाकाठी पहिल्याच दुपारी आडवे झालो, तर हे कुशीवर वळले की मी थेट ओट्याखाली. तिसऱ्यांदा पडल्यावर मी तणतणले, "कायले वळून राहिले तुम्ही?" "माप कोणाचं होतं वं?" म्हणत हे पुन्हा वळले. आठ दिवसांची सहल त्याच संध्याकाळी संपली. आज नातीचा पलंग बनतो आहे आणि यांनी सकाळीच दोरीवरची माझी सगळी लुगडी आत नेऊन ठेवली आहेत.